इंकांच्या खोऱ्यात, पाटाच्या काठाने

गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, पाट साफ ठेवणं हे माझं लहानपणापासूनचं काम. त्यामुळे बाबांना घेऊन पेरूत, जुन्या इंका साम्राज्यातल्या उरुबांबा नदीच्या खोऱ्यात गेले, तेव्हा आम्हा दोघांची नजर आधी पाण्यावर गेली. तुम्ही जाणार असाल तर तुम्हीही आधी पाणी पाहा.

मे ते सप्टेंबर तिथे कोरडा मोसम. दिवसा ऊन, रात्री कडाक्याची थंडी. लोकरीचं सगळं न्या. आपल्याकडे गोव्यात सांजांव (सेंट जॉनचा सण) असतो त्याच 24 जूनला कुस्को शहरात इंती रायमी हा सूर्याचा उत्सव असतो. त्या आठवड्यात जायचं तर खोल्या फार आधी ठरवा.

विमान उतरतं कुस्कोला, 3,400 मीटरवर. पहिल्या रात्री तिथे मुक्काम करू नका. आम्ही केला आणि विरळ हवेमुळे बाबा रात्रभर डोकं धरून बसले होते. विमानतळावरूनच टॅक्सीने खोऱ्यातल्या ओयांतायतांबो गावाला या. दोनेक तास लागतात, पण तुम्ही 600 मीटर खाली येता. पहिला दिवस नुसता आराम करा. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे देतात. ती पानं मात्र सामानात घालून आणू नका, आपल्या कायद्यात बसत नाही.

ओयांतायतांबोच्या गल्ल्यांतून इंकांचे दगडी पाट आजही खळखळत वाहतात. बाबा एका पाटाशी उकिडवे बसले आणि उतार कसा काढलाय ते बोटाने दाखवत राहिले. गडावर सकाळी सातला, दार उघडताच चढा; नंतर कुस्कोच्या बसगाड्या येतात. वरच्या सूर्यमंदिराच्या सहा अजस्र शिळा नदीपलीकडच्या डोंगरातून आणलेल्या आहेत. 1537 च्या सुमारास इंकांचा राजा मांको इंका याने इथे स्पॅनिश फौज परतवली, तीही खालच्या मैदानात पाणी सोडून, घोडे चिखलात अडकवून.

पीसाक, ओयांतायतांबो, मोराय आणि चिंचेरो या खोऱ्यातल्या चार इंका ठिकाणांचं एकच तिकीट मिळतं. आम्ही 70 सोल (पेरूचं चलन) दिले. ते दोनच दिवस चालतं, म्हणून आरामाच्या दिवशी काढू नका. मोरायची गोल गोल उतरत जाणारी शेतं पाहून त्याच टॅक्सीने मारासच्या मिठागराला जा; तिथले पैसे वेगळे. आपल्या आगरवाड्याच्या मिठागरात भरतीचं पाणी घेतात, इथे डोंगरातला खारा झरा हजारो वाफ्यांत फिरवलाय. आत उतरू देत नाहीत, वरूनच पाहायचं.

पीसाकला टॅक्सीने थेट वर जा आणि पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतून चालत गावात उतरा. गुडघे दुखत असतील तर काठी हवीच. उतरताना एखाद्या बांधाजवळ थांबा. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, मग माती, आणि भिंत किंचित डोंगराकडे कललेली. पावसाचं पाणी झिरपून निघून जातं. आमच्या कुळागरातली वरची मेर, म्हणजे बांध, दर दोन-तीन पावसाळ्यांत फुटते. यंदा ती बाबांनी याच रीतीने बांधायला घेतलीय.