जंगलालगतचे कुळागर आणि काजूबाग: जनावरांची वाट मोकळी कशी ठेवावी

गोव्याच्या सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण तालुक्यांत डोंगराची उतरण साधारण सारखीच असते. वर म्हादई, मोले, नेत्रावळी किंवा खोतीगावचे रान, मध्ये काजू, खाली वहाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, सुपारी-केळीचे कुळागर. गवा, सांबर, भेकर, पिसोरी (मूषक हरीण), साळिंदर पाण्याला उतरतात ते या काजूतूनच. बाग आहे म्हणून त्यांचे फारसे अडत नाही. बागेला कुंपण कसे घातले, साफसफाई कधी आणि किती केली, उन्हाळ्यात पाणी उरले की नाही, यावर सगळे ठरते. या तिन्ही गोष्टी मालकाच्या हातात असतात, आणि पिकाचे नुकसान होऊ न देताही त्या नीट करता येतात.

आधी वाट शोधा

कुंपणाचा पहिला खांब रोवण्याआधी हे काम उरका. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वहाळाच्या काठची माती ओलसर असते आणि ठसे स्वच्छ उमटतात. जिथे झुडपांमधून चिंचोळी, तुडवलेली वाट दिसते तिथे तिच्यावर आडवी, साधारण मीटरभर रुंद पट्टी साफ करा. त्यावर चाळलेल्या मातीचा पेरभर जाडीचा थर पसरा, संध्याकाळी फळीने सपाट करा आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी पाहा. तिरप्या उन्हात ठसा उठून दिसतो. दुपारी तोच सपाट वाटतो.

गव्याचा खूर म्हशीच्या खुरासारखा मोठा असतो, भेकराचा जेमतेम दोन बोटांएवढा. रानडुकराच्या खुरामागे मऊ मातीत दोन छोटे टिंब उमटतात. बिबट्याच्या ठशात नखे दिसत नाहीत, कुत्र्याच्या आणि कोळसुणीच्या (रानकुत्र्याच्या) ठशात दिसतात. अस्वलाचा मागचा पाय माणसाच्या पावलासारखा, पुढे लांब नखांच्या रेघा. खडकावर बिया भरलेली विष्ठा पुन्हा पुन्हा त्याच जागी दिसली तर ते उदमांजर. वाळवीची वारुळे पुढून उकरलेली आणि जवळ ठसे अस्पष्ट असतील तर खवले मांजराची शक्यता धरा.

हेच काम एप्रिलमध्ये पुन्हा करा. पाणी आटले की वाटा बदलतात, आणि नोव्हेंबरचा नकाशा धरून घातलेले कुंपण नेमके उन्हाळ्याच्या वाटेवर येते.

कुंपण: कुठे आणि किती उंच

नेहमीची चूक म्हणजे अख्ख्या सर्व्हे नंबरला काटेरी तार मारणे. हद्द दाखवायची असेल तर हद्दीचे दगड पुरतात. कुंपण फक्त ज्याला खरोखर जपायचे आहे त्यालाच घाला: सुपारीची रोपे, केळी, भाजी, मिरीचे नवे वेल. काजूच्या मोठ्या झाडांना त्याची गरज नसते. वहाळाच्या दोन्ही काठांवर निदान आठ-दहा मीटरची पट्टी तारेविना सोडा. उतरणारी जनावरे बहुधा तीच धरतात.

तार घालायचीच असेल तर सर्वांत खालची तार जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटरवर ठेवा, म्हणजे पिसोरी, साळिंदर, ससा खालून सरकतात. सर्वांत वरची १ मीटरपेक्षा उंच नको, आणि ती काटेरी न घेता गुळगुळीत घ्या. वरच्या दोन तारांत ३० सेंटिमीटरचे अंतर राखा. उडी मारताना सांबराचे मागचे पाय वरच्या दोन तारांमध्ये अडकले की पीळ बसतो आणि जनावर तिथेच लटकून मरते. गव्याला मात्र काटेरी तार अडवतच नाही. मोठा नर टनभर वजनाचा असतो; तो तार तोडून जातो आणि तुटलेले टोक पुढे येणाऱ्याच्या पायात अडकते. चिऱ्यांची भिंत असेल तर दर दहा-बारा मीटरवर तळाशी ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढेच उंच भोक ठेवा. पावसाचे पाणीही तिथून निघते, भिंत खचत नाही.

झटका मशीन, म्हणजे सौर कुंपण, पिकाच्या गाभ्याभोवती चालते. दर सेकंदाला एक क्षणिक झटका देणारे प्रमाणित मशीनच घ्या. घरातल्या लाइनवरून थेट वीज तारेत सोडणे हा गुन्हा आहे. त्याने गवा मरतो, गुराखीही मरतो.

मशीन बिघडले अशी तक्रार येते तेव्हा दोष बहुतेक अर्थिंगचा, म्हणजे जमिनीशी केलेल्या जोडणीचा असतो. आपली जांभी जमीन पाणी धरत नाही. डिसेंबरात उत्तम चालणारे कुंपण एप्रिलमध्ये नुसते गुदगुल्या करते. जीआयचे तीन रॉड, एकेक दीड मीटर खोल, एकमेकांपासून तीन मीटरवर, कुळागराच्या पाटाजवळ ओलीत ठोका आणि उन्हाळ्यात तिथे पाणी घाला. तारेच्या दूरच्या टोकाला मीटर लावून ५,००० व्होल्टच्या वर दाब मिळतो का पाहा. जुलै-ऑगस्टात उलटी अडचण: गवत तारेला टेकून दाब उतरतो. दर पंधरवड्याला तारेखालचे गवत कापा.

खालच्या तारेबाबत जास्त काळजी घ्या. धक्का बसला की खवले मांजर पळत नाही, स्वतःला गुंडाळून घेते. तार पोटाशी धरूनच गुंडाळले तर झटके बसत राहतात आणि ते मरते. म्हणून जिवंत (झटका देणारी) तार ३० सेंटिमीटरच्या खाली नको. रानडुकरांसाठी त्याहून खालची तार हवीच असेल तर तिला वेगळा स्विच द्या आणि पीक तयार होण्याच्या काळातच ती चालू ठेवा. डुकरे थोडे जास्त नुकसान करतील, पण तोटा भरून निघतो. खवले मांजर सहसा वर्षाला एकच पिल्लू देते.

काजूची बेणणी आणि आग

काजू वेचण्यासाठी डोंगर आरपार नागडा करण्याची गरज नसते. बी पडते झाडाच्या घेराखाली. तेवढे वर्तुळ आणि मीटरभर बाहेर साफ करा, झाडांना जोडणारी मीटरभर रुंद पायवाट काढा, आणि मधली झुडपे तशीच राहू द्या. पिसोरी आणि साळिंदर दिवसा त्याच आडोशात बसतात. मध्ये उगवलेले उंबर, कुंभा, जांभूळ, कोकम तोडू नका. तणनाशक टाळा. ते झुडपांबरोबर भेकराचा चाराही संपवते.

कापलेला पाला जाळू नका, झाडांच्या बुंध्यापासून हात-दोन हात दूर आच्छादन म्हणून पसरा. जंगलाच्या बाजूला ३ ते ५ मीटर रुंदीची जाळरेषा (आग अडवणारी साफ पट्टी) जानेवारीअखेर तयार ठेवा आणि फेब्रुवारी, मार्च, एप्रिल असे तीनदा तिच्यावरचा पाला झाडा. एकदाच झाडून सोडलेली जाळरेषा पानगळीने आठवड्यात भरते आणि आग सहज ओलांडते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्य आणि आसपास लागलेल्या आगी अनेक दिवस विझत नव्हत्या. अशा वेळी झाडे सावरतात, पण जमिनीलगत राहणाऱ्या लहान जनावरांचा आडोसा त्या उन्हाळ्यापुरता संपतो.

पाणी, विहीर आणि चिरेखण

मार्चनंतर वहाळातली शेवटची कोंड (खोल डोह) पंपाने आटवू नका. गुडघाभर पाणी सोडून पंप वर घ्या. कोंडीवरची सावली राखा.

बिनकठड्याची विहीर आणि सोडून दिलेली चिरेखण (जांभ्या दगडाची खाण) हे सापळेच आहेत. चिरेखणीच्या भिंती करवतीने कापलेल्या, सरळ उभ्या असतात. पावसात त्या भरतात, पाणी प्यायला वाकलेले जनावर आत पडते आणि बाहेर निघायला जागाच नसते. एका कोपऱ्यात तुटके चिरे आणि माती टाकून उतार करा: एक मीटर उंचीला निदान तीन मीटर लांबी. उतार तळापर्यंत न्या, कारण पाणी खाली गेले की अर्धवट उतार निरुपयोगी. माती दाबून वर खडबडीत दगड बसवा, नाहीतर पहिल्याच पावसात वाहून जाते. विहिरीला मीटरभर उंच, जाड कठडा बांधा.

कुत्री, बोंडू, गुरे

बागेतली कुत्री रात्री बांधा आणि रेबीज व डिस्टेंपर या कुत्र्यांच्या संसर्गजन्य रोगांची लस द्या. मोकळी कुत्री भेकराला दमवून मारतात आणि डिस्टेंपर कोल्ह्या-कोळसुणीपर्यंत नेतात. भाटीजवळ (दारू गाळण्याच्या भट्टीजवळ) बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा चोथा उघडा टाकू नका; वासाने डुकरे, गवे थेट घराशी येतात. खड्ड्यात टाकून रोज मातीने झाका.

वाघ-बिबट्याने गुरू मारले तर धूड हलवू नका, त्यावर विष किंवा दुसरे काहीही टाकू नका. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीत चार वाघ मृत सापडले. त्याआधी तिथे गुरे मारली गेली होती. तारखेसह फोटो काढा, त्याच दिवशी वनखात्याच्या जवळच्या रेंज कार्यालयात कळवा आणि पंचनामा होईपर्यंत धुडाजवळ कुणाला जाऊ देऊ नका. पिकाच्या नुकसानीचेही तसेच: तुटलेली रोपे उपटून टाकण्याआधी मोजा, ठशांसह फोटो घ्या आणि मगच बाग आवरा.