कैरोला एकटीने जायचं तर

कैरोला एकटी निघालेय असं कुणी सांगितलं की मी आधी कपड्यांचं बोलत नाही, आकड्यांचं बोलते. विमानात बसल्या बसल्या अरबी आकडे पाठ करा. शून्य म्हणजे नुसता ठिपका. पाच म्हणजे आपल्या शून्यासारखं गोल. सात इंग्रजी व्हीसारखा, आठ म्हणजे तोच उलटा, आणि सहा बघितला की आपल्याला इंग्रजी सात वाटतो. गाडीच्या नंबरप्लेटवर, दुकानातल्या किमतीवर, नोटेच्या एका बाजूला हेच आकडे असतात. रात्री उबर बोलावली आणि समोर तीन पांढऱ्या गाड्या उभ्या असल्या, तर "मदाम, उबर?" म्हणणाऱ्याच्या भरवशावर दार उघडायचं नाही. नंबर स्वतः वाचायचा आणि मागच्या सीटवर बसायचं. बाई ड्रायव्हरशेजारी बसली की त्याचा भलताच अर्थ काढणारे भेटतात.

कपड्यांचं सोपं आहे. आपला सलवार-कमीज आणि ओढणी कैरोत उत्तम चालते. रस्त्यावर डोकं झाकायची सक्ती नाही. साधारण दहातला एक माणूस तिथे ख्रिश्चन आहे आणि पुष्कळ मुसलमान बायकाही केस मोकळे ठेवून हिंडतात. मशिदीत मात्र डोकं, दंड आणि पोटऱ्या झाकलेल्या हव्यात. अल-अझहर, सुलतान हसन, इब्न तुलून बघायला जाल तेव्हा चपला ठेवायला एक कापडी पिशवी जवळ ठेवा आणि सुट्ट्या नोटा हाताशी ठेवा. चपला सांभाळणाऱ्यापासून स्वच्छतागृहाच्या दारातल्या मावशींपर्यंत सगळीकडे बक्षीस, म्हणजे टिप, द्यावी लागते. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी मशीद बघायला जाऊ नका.

आता खरा विषय. कैरोच्या रस्त्यावर छेडछाड होते, आणि ती मुख्यतः तोंडी असते: "त्स त्स" असा आवाज, शेरे, चार पावलं मागे येणं. परदेशी म्हणून तुमच्याच वाट्याला हे येतं असं समजू नका. यूएन विमेनच्या 2013 च्या पाहणीत 99 टक्क्यांहून जास्त इजिप्शियन बायकांनी आपल्याला त्रास झाल्याचं सांगितलं होतं. 2014 मध्ये तिथे हा कायद्याने गुन्हा ठरला आणि 2021 मध्ये शिक्षा आणखी कडक झाली. पण रस्त्यावर कायद्याच्या आधी कामाला येतात त्या तिथल्या बायकाच. त्याही या प्रकाराला विटलेल्या आहेत. कुणी मागे लागलं तर सरळ एखाद्या कुटुंबाजवळ किंवा दोन-चार बायकांच्या घोळक्यात जाऊन उभं राहा. काही सांगावं लागत नाही, त्या बघूनच ओळखतात.

आपली अडचण अशी, की कुणी विचारलं तर उत्तर द्यावं असं लहानपणापासून मनावर बिंबलेलं असतं. खान अल-खलिलीच्या बाजारात हा संस्कार गुंडाळून ठेवा. "कुठल्या तुम्ही?" याला उत्तर दिलं की पुढचा अर्धा तास अत्तराच्या दुकानात गेला. "हिंदिया? अमिताभ बच्चन!" अशी आरोळी मात्र येणारच. तिथे बच्चन आपल्या इतकाच घरचा माणूस आहे. हसू आलं तर हसा, पण पाय थांबवू नका. "ला, शुक्रन", म्हणजे नको, धन्यवाद, एकदाच म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हटलं की घासाघीस सुरू झाली असं धरतात. "म्युझियम आज बंद आहे, या बाजूने चला" म्हणणाऱ्याचं म्युझियम त्याच्या चुलतभावाचं पपायरसचं, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या चित्रांचं, दुकान असतं. कुणी हात लावला तर मोठ्याने "ऐब!" म्हणा, म्हणजे लाज वाटू दे. शब्द आठवला नाही तर खणखणीत मराठीत ओरडा. माझा अनुभव असा, की तिथे आवाज जास्त काम करतो.

मेट्रोत मधले दोन डबे बायकांचे असतात, फलाटावर तशी खूण असते. त्यातला एक रात्री उशिरा सगळ्यांना खुला होतो, म्हणून चढण्याआधी आत कोण आहे ते बघा. मुंबईच्या लोकलमध्ये लेडीज डब्याची सवय असलेलीला तिथे परकं वाटणार नाही. केसांच्या क्लिपा विकणाऱ्या बायकाही भेटतील. रस्ता ओलांडायचा तर एखाद्या स्थानिक बाईला चिकटून ओलांडा. सिग्नलवर विसंबू नका.

"नवरा कुठे?" हा प्रश्न टॅक्सीवाला, वेटर, शेजारची आजी, सगळे विचारतात. आजी गप्पांसाठी विचारते. टॅक्सीवाल्याला नवरा हॉटेलवर वाट बघतोय असंच सांगायचं, असो वा नसो. डाव्या हातात साधी अंगठी घाला, तिथे लग्न झालेल्या बायका त्याच हातात घालतात. मंगळसूत्र त्यांना ओळखू येत नाही. माझ्यासारखे केस पिकलेले असतील तर "या हाग्गा" अशी हाक येईल. हज करून आलेलीला जो मान, तो फुकटात मिळतो, घ्या. पुरुषाने हात पुढे केला नाही तर आपणही करू नका, छातीवर हात ठेवून मान हलवली की पुरे.

गिझाला, पिरॅमिडपाशी, उंटावर बसायचंच असेल तर चढण्याचे आणि उतरण्याचे पैसे एकत्र, आधी ठरवा, आणि उंटवाल्याला तुमच्या मागे बसू देऊ नका. कैरोबाहेर लक्झरला गेलात तर तिथल्या प्राचीन देवळांत आणि थडग्यांत एखादा पहारेकरी "खास जागा दाखवतो" म्हणून आत बोलावतो. एकटीने जायचं नाही.

मध्य कैरोतली स्वस्त हॉटेलं जुन्या इमारतींच्या पाचव्या-सातव्या मजल्यावर असतात. खाली बव्वाब बसतो, म्हणजे दारवान. त्याला रोज सलाम करा. कोण येतं, कोण जातं, यावर त्याच्याइतकं लक्ष सीसीटीव्हीचंही नसतं.

रमजानात गेलात तर सूर्यास्ताच्या आधी मुक्कामी पोचा. इफ्तारच्या वेळी रस्ते ओस पडतात, टॅक्सी मिळत नाही आणि मिळालीच तर घरी पोचायच्या घाईने सुसाट धावते. तासाभराने मात्र बायकामुलांसकट शहर रस्त्यावर येतं आणि मध्यरात्रीपर्यंत जाग असते.

गुडघ्याच्या दुखण्यावरच्या गोळ्या नेत असाल तर त्यात ट्रामाडॉल नाही ना, ते डॉक्टरांना विचारा. 2017 मध्ये एका ब्रिटिश बाईला याच गोळ्यांपायी तिथे तीन वर्षांची शिक्षा झाली. पोलीस, सैनिक, लष्करी जागा यांचे फोटो नकोत, आणि लोकांचे विचारल्याशिवाय नकोत. पर्यटक पोलिसांचा नंबर 126, साध्या पोलिसांचा 122. भारतीय दूतावास झमालेक भागात आहे.

शाकाहारी असाल तर चिंता करू नका. कुशरी (भात, मसूर आणि मॅकरोनी), फूल (शिजवलेल्या बाकल्याच्या बिया), तामिया (त्याच बियांचे वडे) यांवर आठवडा निघतो. शंका आली तर "सियामी" म्हणा. कॉप्टिक ख्रिश्चनांचं ते उपवासाचं जेवण, त्यात मांस, दूध, अंडं काही नसतं. फक्त काही उपवासांना त्यांना मासे चालतात, तेव्हा समक, म्हणजे मासे, नको हेही सांगून ठेवा.