शेड्यूल कुणाचं कठीण? मिशिगन-ओहायो स्टेट वादातल्या या चुका टाळा

2023च्या नोव्हेंबरात अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधले मिशिगन आणि ओहायो स्टेट दोघंही 11-0, म्हणजे अकरा विजय, पराभव एकही नाही. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर एकच भांडण: 'तुम्ही खेळलात तरी कुणाशी?' ओहायोवाले अगदीच उगाच बोलत नव्हते. मिशिगनने कॉन्फरन्सबाहेरचे, म्हणजे आपल्या गटाबाहेरच्या संघांशी असलेले, तिन्ही सामने घरच्याच मैदानावर उरकले होते: ईस्ट कॅरोलायना, युएनएलव्ही, बोलिंग ग्रीन. ओहायो स्टेटने नोटर डेमच्या घरी जाऊन, एक सेकंद उरला असताना टचडाउन करून 17-14 असा सामना काढला.

तरी शेड्यूल किती कठीण याचा हिशेब चुकतोच. सगळ्यात जास्त चुकतो तो प्रतिस्पर्ध्यांच्या विजय-पराभवांची सरसकट बेरीज करताना. समजा तुमचे बारा प्रतिस्पर्धी तुमच्याविरुद्धचा सामना सोडून एकूण 66-66 आहेत. तुम्ही बाराही सामने जिंकलात, की त्यांची बेरीज 66-78 होते, म्हणजे जेमतेम 46 टक्के. त्याच बारा संघांशी खेळून तुम्ही 6-6 राहिलात तर 72-72, बरोबर 50 टक्के. संघ तेच, पण जिंकणाऱ्याचं शेड्यूल सोपं दिसलं! म्हणून आपल्याविरुद्धचे सामने आधी वजा करा, मग भागाकार.

खालच्या एफसीएस विभागातले संघही त्याच पिशवीत टाकू नका. ओहायो स्टेटच्या यादीत यंगस्टाउन स्टेट होतं. त्यांचे विजय बहुतेक आपल्याच विभागातल्या संघांवरचे. ते पेन स्टेटसारख्या वरच्या विभागातल्या संघाच्या विजयांच्या तोलाचे कसे धरायचे?

नाव ऐकून नाक मुरडणं हा आमच्या ग्रुपचा आवडता उद्योग. युएनएलव्हीला सगळे हसले, आणि तो संघ त्या वर्षी माउंटन वेस्ट या आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात पोहोचला. उलटंही होतं. 2024च्या सुरुवातीला फ्लोरिडा स्टेट राष्ट्रीय रँकिंगमध्ये दहाव्या क्रमांकावर होती. डब्लिनमध्ये जॉर्जिया टेकने तिला हरवलं तेव्हा केवढा गाजावाजा झाला! मोसम संपला तेव्हा फ्लोरिडा स्टेट 2-10. रँकिंग बघायचंच तर मोसम संपल्यावरचं बघा.

आणि सोपा पेपर मिळाला म्हणजे पोरगं ढ, असं नसतं. 25 नोव्हेंबरला अॅन आर्बरला, घरच्या मैदानावर, मिशिगनने ओहायो स्टेटवर 30-24 ने बाजी मारली आणि जानेवारीत वॉशिंग्टनला 34-13 हरवून राष्ट्रीय विजेतेपदही नेलं. ग्रुपवरचे ओहायोवाले अजून ईस्ट कॅरोलायनावरच अडून बसलेत.