जुना लष्करी ट्रक वाटेत बंद पडला तर

जुना लष्करी ट्रक बंद पडला की बहुतेकजण आधी बॉनेट उघडतात. मी आधी चाकांना उट्या लावतो. यातल्या बऱ्याच गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की ते हवेत मोकळं फिरतं, आणि डिफरन्शियलमुळे (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. एवढं धूड सुटलं की कोणाच्या बापाला आवरत नाही. म्हणून दोन जाड लाकडी उट्या सामानाच्या तळाशी नकोत, सहज हाताशी हव्यात.

मग दुखणं शोधायचं. डिझेल गाडीत ते बहुधा डिझेलच्या वाटेवरच सापडतं. वर्षानुवर्षं उभ्या ट्रकच्या टाकीत गंज आणि गाळ साचतो, आणि प्रवासात तो सगळा ढवळून निघतो. आयडलला इंजिन छान चालतं, चढाला दम टाकतं, जरा थांबलं की पुन्हा ओढतं, असं होत असेल तर फिल्टर तुंबल्याचा संशय घ्या. पण तो खोलण्याआधी टाकीचं झाकण उघडून बघा. हवा आत खेचल्याचा फुस्स आवाज आला तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. तारेने मोकळं करा आणि निघा. फुकटची दुरुस्ती!

फिल्टर बदलला किंवा टाकी कोरडी पडली, तर लाइनमध्ये एअर धरते. ती काढायची टाकीकडून इंजिनकडे, मधला टप्पा न गाळता. फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची) हाताची दांडी मारत राहा आणि फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल करा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार लागली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपावरचा (नोझलना दाबाने डिझेल देणाऱ्या पंपावरचा) स्क्रू, तस्साच. दांडी नुसतीच लुळी हलत असेल तर पंप गेला म्हणून डोक्याला हात लावू नका. बहुतेकदा कॅम, म्हणजे तो पंप चालवणारा इंजिनातला उंचवटा, वर येऊन थांबलेला असतो. सेल्फ (स्टार्टर) क्षणभर मारून इंजिन थोडं फिरवा, दांडीला जोर येतो. तरीही सुरू होत नसेल तर नोझलवरचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा. तिथे बोट मात्र नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. असं झालं तर भोक सुईएवढं दिसलं तरी थेट दवाखाना गाठा.

विजेचं थोडक्यात: बऱ्याच गाड्या 24 व्होल्टच्या, म्हणजे 12 च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. मोबाइल चार्जरसाठी त्यातल्या एकीवरूनच वायर घेतली की ती एकटी झिजते आणि जोडीदारणीलाही बुडवते. दिवे मंद वाटले तर आधी अर्थिंगची जागा, म्हणजे बॅटरीची वायर गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते ती, घासून चकाचक करा.

दर थांब्याला चाकांच्या हबजवळ (मधल्या तुंब्याजवळ) हात न्या. एकच हब बाकीच्यांपेक्षा तापलेला लागला तर ब्रेक धरून बसलाय किंवा बेअरिंग कोरडं पडलंय. ब्रेकचा पेडल मऊ लागला तर पुढे जायचं नावच काढू नका. अनेक जुन्या ट्रकांत सगळ्या चाकांना मिळून एकच ब्रेक ऑइलची लाइन असते, एका चाकाला गळती लागली की सगळे ब्रेक जातात.

चाक काढताना दोन गोष्टी. कित्येक ट्रकांत डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. नट हलत नाही म्हणून पान्यावर नाचण्याआधी स्टडच्या तोंडावर एल अक्षर आहे का ते पाहा. दुसरी गोष्ट जिवाची आहे. दोन तुकड्यांच्या रिममध्ये चाक गाडीला धरणारे नट वेगळे, आणि रिमचे तुकडे एकमेकांना धरणारे वेगळे. ब्रिटिश लष्करी गाड्यांत हे दुसरे पुष्कळदा लाल रंगवलेले असतात, पण रंग कधीच उडून गेलेला असतो. वॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडल्याशिवाय त्यांना पाना लावायचा नाही.