रिस्क-फाइव्ह लॅपटॉप मागवताय? या चुका टाळा

फोंडा-फर्मागुडीकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांकडून हल्ली एक प्रश्न हमखास येतो: इंटेल-एएमडी सोडून ‘ओपन’ प्रोसेसरचा लॅपटॉप घेऊ का? घ्या, पण कशासाठी ते आधी ठरवा. यात पैसे बुडतात ते बहुधा मागवण्याआधी न विचारलेल्या दोन-तीन प्रश्नांमुळे.

‘ओपन’ म्हणजे सगळेच ओपन असे धरून चालणे

रिस्क-फाइव्ह हा प्रोसेसर नाही. तो इन्स्ट्रक्शन सेट आहे, म्हणजे प्रोसेसरला कोणत्या आज्ञा कळायला हव्यात याचा नियमसंच. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात त्याची सुरुवात झाली. तो वापरायला कोणालाही परवाना शुल्क पडत नाही. त्या नियमांवर बेतलेली चिप मात्र बनवणाऱ्याच्या मालकीची असू शकते, आणि बहुतेक वेळा असतेच. फ्रेमवर्क लॅपटॉप १३ मध्ये बसणारा डीपकॉम्प्युटिंगचा मदरबोर्ड बघा. त्यावरच्या स्टारफाइव्ह जेएच७११० चिपमध्ये सायफाइव्ह कंपनीचे चार यू७४ कोअर (प्रत्यक्ष आज्ञा पाळणारे भाग) आहेत. त्यांचा आराखडा खुला नाही. ग्राफिक्स इमॅजिनेशन कंपनीचे, तेही बंदच. टीएच१५२० चिपमधला सी९१० कोअर अलीबाबाच्या टी-हेडने २०२१ मध्ये खुला केला, पण भोवतालची बाकीची चिप नाही.

खुला म्हणजे सुरक्षित, हेही गृहीत धरू नका. २०२४ मध्ये जर्मनीतल्या सिस्पा संस्थेच्या संशोधकांनी याच सी९१० मध्ये ‘घोस्टराइट’ नावाची त्रुटी दाखवून दिली. व्हेक्टर विभागातल्या (एका आज्ञेत अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या भागातल्या) काही सदोष आज्ञा वापरून कुठलाही साधा प्रोग्रॅम मशीनच्या मेमरीत हवे तिथे हवे ते लिहू शकतो. दोष सिलिकॉनमध्येच असल्याने उपाय एकच, व्हेक्टर विभाग बंद ठेवणे. वेगासाठी घेतलेली सोयच गेली!

चिप न बघता लॅपटॉप बघणे

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. पडदा, रॅम, वजन सगळे तपासून होते आणि ‘आरव्हीए२३’ हा शब्द कोणी विचारतच नाही. रिस्क-फाइव्हमध्ये आज्ञांचे कोणते ऐच्छिक विभाग घ्यायचे हे चिप बनवणाऱ्यावर सोडलेले आहे, त्यामुळे एका चिपसाठी बांधलेला प्रोग्रॅम दुसरीवर चालेलच असे नाही. हा गोंधळ मिटवण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये आरव्हीए२३ हा किमान संच मंजूर झाला, आणि उबुंटू या लिनक्स सिस्टीमने २५.१० आवृत्तीपासून तीच अट केली. जेएच७११०, टीएच१५२० आणि डीसी-रोमा लॅपटॉप २ मधली स्पेसमिट के१, या तिघींपैकी एकही चिप ती पुरी करत नाही. त्यांना उबुंटू २४.०४ वरच राहावे लागते. नवी आवृत्ती टाकायला गेलात तर मशीन सुरूच होत नाही, नाहीतर ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून अडते.

अशा मशीनसाठी डेबियन १३ ही दुसरी लिनक्स सिस्टीम बरी. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीत रिस्क-फाइव्हला पहिल्यांदा अधिकृत स्थान मिळाले आणि ती जुन्या, मूळ आज्ञांवरच बांधलेली आहे. फायरफॉक्स, लिबरऑफिस त्यात आहेत.

वेगाचेही सांगून टाकतो: जेएच७११० रास्पबेरी पाय ४ या छोट्या, एका बोर्डावरच्या संगणकाच्याही मागे आहे. माझ्या मते रिस्क-फाइव्ह लॅपटॉपचे खरे भवितव्य आरव्हीए२३ चिप आणि मूळ लिनक्स कर्नलमधला (सिस्टीमच्या गाभ्यातला) तिचा आधार, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावरच ठरेल. त्याआधी चवथीच्या खरेदीत हा लॅपटॉप घरातला एकमेव संगणक म्हणून घेऊ नये.

ऑफिसची कामे त्यावर ढकलणे

म्हापशात किंवा डिचोलीत डीटीपीचे दुकान चालवत असाल तर विषय इथेच संपतो. श्री-लिपी विंडोजवर चालते, टॅलीही विंडोजवर, आणि विंडोज रिस्क-फाइव्हवर येतच नाही. बॉक्स६४ सारख्या अनुवादकाने इंटेलसाठी बांधलेले काही लिनक्स प्रोग्रॅम चालतात, पण त्यावर रोजचा धंदा टाकू नका.

प्रिंटरकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. आपल्याकडे दुकानादुकानात दिसणाऱ्या कॅनन एलबीपी२९०० ला कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण तो इंटेल-एएमडीसाठी तयार बांधलेला. एचपीच्या काही लेझर मॉडेलना लागणारे प्लगिनही असेच तयार येते. लिनक्स आहे म्हणजे प्रिंट निघेल, असे नाही. ओटीटीवरचे सिनेमेही विसरा. त्यांना लागणारे वाइडवाइन रिस्क-फाइव्हसाठी मिळत नाही.

पावसाळा आणि एसडी कार्ड

नुसता मदरबोर्ड डबीत बसवून डेस्कटॉपसारखा वापरणारे बरेच आहेत. त्याला बॅटरी नसते आणि सिस्टीम अनेकदा मायक्रोएसडी कार्डावर असते. जूनमध्ये वाळपई-साखळीकडे वीज किती वेळा जाते हे तिथल्या माणसाला सांगायला नको. लिहिता लिहिता वीज गेली की कार्डावरची फाइल सिस्टीम बिघडते. छोटा यूपीएस लावा आणि कार्डाची एक प्रत काढून ठेवा.

पडदा काळा, म्हणून बोर्ड मेला

घाई करू नका. आधी इमेज (कार्डावर उतरवलेली सिस्टीमची तयार प्रत) त्याच चिपसाठीची आहे ना ते पाहा. के१ ची इमेज जेएच७११० वर सुरू होणार नाही. मग बूट कुठून होते आहे ते, म्हणजे कार्ड की ईएमएमसी (बोर्डावरची साठवण). बऱ्याच बोर्डांवर त्यासाठी बारीक स्विच असतो. तरीही काही नाही तर यूएसबी-सीरियल केबलने बोर्ड दुसऱ्या संगणकाला जोडा, वेग बहुधा ११५२०० असतो. बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) कुठे अडकला ते तिथे अक्षरशः वाचता येते, कारण पडदा पेटवणारा ड्रायव्हर फार उशिरा सुरू होतो. केबल ३.३ व्होल्टचीच घ्या. ५ व्होल्टच्या केबलने चांगला बोर्ड खरोखरच मरू शकतो.

‘भारतीय चिपचा लॅपटॉप येईल तेव्हा घेऊ’

आयआयटी मद्रासचे शक्ती आणि सी-डॅकचे वेगा हे प्रोसेसर रिस्क-फाइव्हवरच आहेत, अभिमान वाटावा असे काम आहे. पण डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेली सी-डॅकची ध्रुव६४ ही दोन कोअरची, एक गिगाहर्ट्झची चिप आहे. चार कोअरची जेएच७११० ब्राउझरमध्ये दमते, तिथे हिच्याकडून लॅपटॉपची अपेक्षा करणे तिच्यावरच अन्याय. चिप आतून कशी चालते हे ज्याला शिकायचे आहे त्याने सी-डॅकचा एरीज बोर्ड मागवावा. लॅपटॉपच्या मानाने किंमत किरकोळ, आणि अर्डुइनोच्या आयडीईतून (प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमधून) तो प्रोग्रॅम करता येतो.