थंडीने करपलेलं झाड लगेच छाटू नका

कडाक्याची थंडी सरली आणि बागेतलं झाड काळंठिक्कर पडलेलं दिसलं की पहिला हात सिकेटरकडे (छाटणीच्या कात्रीकडे) जातो, साहजिक आहे, बघवत नाही ते. पण थांबा. या सगळ्यातलं अवघड काम हेच, काही न करता बसणं, बाकीचं तसं सोपं आहे.

होतं काय, तर तापमान शून्याखाली गेलं की बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत धरतो आणि पेशींतलं पाणी बाहेर खेचून घेतो, थंडी जास्तच असेल तर पेशी फाटतात, म्हणून पानं आधी शिजल्यासारखी लिबलिबीत होतात आणि मग काळी पडून वाळतात. कोवळे शेंडे पहिले जातात, जाड फांद्या बऱ्याचदा वाचतात, पण नेमकं कुठपर्यंत मेलंय ते बाहेरून कळत नाही. घाईत छाटलं तर एकतर जिवंत लाकूडही कापलं जातं, आणि वर छाटणीमुळे झाड कोवळे फुटवे काढतं, जे पुढची एक गोठवणारी रात्र आली की गेलेच. वाळकी पानं दिसायला घाण दिसतात पण राहू द्या, आतल्या फांद्यांना थोडा आडोसा होतो.

मधल्या काळात उत्सुकता आवरत नसेल (कोणालाच आवरत नाही) तर नखाने साल जरा खरवडून बघा. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी आणि कोरडं दिसलं तर तो भाग गेला. शेंड्याकडून सुरू करून खाली खाली यायचं, हिरवं लागलं की बास. सगळं झाड सोलत बसू नका, दोन-चार फांद्या बघितल्या की अंदाज येतो.

आता छाटायचं कधी? थंडीचा धोका पूर्ण टळला आणि नवी पालवी चांगली वाढायला लागली की, म्हणजे बहुतेक उन्हाळा लागल्यावरच. फुटवे दिसले की लगेच खूश होऊ नका कारण फांदीत उरलेल्या साठ्यावर पालवी फुटते आणि उन्हं तापली की तीच फांदी अचानक सुकते, असं बरेचदा होतं, म्हणून अजून थोडं थांबलेलं बरं. मग मेलेला भाग जिवंत लाकडापर्यंत किंवा जोमदार फुटव्याच्या जरा वर कापा, अख्खी फांदी काढायची असेल तर ती खोडाला जुळते तिथला फुगीर भाग सोडून कापा, तिथूनच जखम भरते. हत्यार धारदार हवं, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्या. कापल्यावर डांबर, ऑइल पेंट वगैरे फासायची गरज नाही, झाड स्वतःच जखम बंद करतं.

खोडाची साल तडकली असेल तर सुटलेली, लोंबणारी साल धारदार चाकूने तेवढी काढा, चिकटलेली ओढू नका. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते, पानं गेल्यामुळे आजवर सावलीत असलेलं खोड आणि फांद्या एकदम उन्हात येतात आणि भाजतात. त्यासाठी पाण्यात मिसळणारा पांढरा रंग निम्मं पाणी घालून उघड्या खोडाला लावायचा, ऊन परतवलं जातं.

पाणी आणि खत, इथे प्रेमाने जास्त नुकसान होतं! पानं नाहीत म्हणजे झाड पाणी कमीच ओढतं, नेहमीएवढं दिलं तर मुळं सडतात. बोट घालून बघायचं, वरची २-३ इंच माती कोरडी लागली तरच द्यायचं. खताचं म्हणाल तर नवी वाढ नीट सुरू होईपर्यंत काही नको, युरियासारखं जोरदार खत तर नकोच, मग हळूहळू थोडं थोडं. आळ्यात २-३ इंच पालापाचोळ्याचं आच्छादन चालेल, पण खोडाला टेकवू नका. फळझाड असेल तर यंदा फळ धरलं नाही म्हणून हिरमुसू नका, आणि धरलंच तर बरंचसं लहान असतानाच काढून टाका, ताकद फांद्यांना जाऊ दे.

झाड कलमी असेल तर फुटवे कुठून येतायत ते मात्र बघाच. कलमाच्या सांध्याच्या वरून आले तर उत्तम, खालून आले तर ते खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलंय त्याचे, तुमच्या जातीचे नाहीत. वरचा भाग जिवंत असेल तर खालचे खुडत राहा. उन्हाळा अर्धा सरला तरी वर एकही फुटवा नाही आणि सांध्यापर्यंत खरवडून सगळं तपकिरीच लागतंय, तर ते झाड काढून नवीन कलम लावलेलं बरं.