पहिल्यांदाच विणताय? मग बाळाच्या टोपीपासून सुरू करा

बाळंतविड्यात आपल्या हातचं काहीतरी द्यावं असं वाटतं आणि मग बहुतेकजणी एकदम स्वेटरच विणायला घेतात. मीही तेच केलं होतं भाच्यासाठी, महिनाभर विणला आणि गळ्यातून त्याचं डोकंच जाईना. तान्ह्या बाळाच्या डोक्याचा घेर छातीपेक्षा थोडा जास्तच असतो हे तेव्हा माहीत नव्हतं, आणि गळ्याचे टाके मी इतके घट्ट बंद केले होते की ताणायलाही जागा नव्हती. म्हणून मनापासून सांगते, आधी टोपी करा. खाली सांगतेय ती टोपी म्हणजे नुसती एक लांब पट्टी आहे, टाके वाढवणं नाही की कमी करणं नाही, पट्टी मधे दुमडायची आणि दोन्ही बाजू शिवायच्या, वर दोन कोपरे मांजराच्या कानांसारखे उभे राहतात आणि बाळाला ते फार गोड दिसतात.

लोकर घेताना ती गालाला लावून बघा, हाताला मऊ वाटलेली लोकर गालाला टोचू शकते. केसाळ लोकर नको, तिचे तंतू बाळाच्या नाकातोंडात जातात. रंग फिका घ्या, काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत नवशिक्या माणसाला टाके दिसतच नाहीत. आणि दोन गुंडे घेणार असाल तर लेबलवरचा लॉट नंबर सारखा आहे ना ते दुकानातच बघून घ्या, शेड नंबर एक असूनही लॉट बदलला की मधेच रंगाचा पट्टा दिसतो. सुया 8 नंबरच्या, म्हणजे 4 मिलिमीटरच्या. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, 10 नंबर ही 8 पेक्षा बारीक, यात नवीन लोकांचा हमखास गोंधळ होतो.

आता आधी 24 टाक्यांचा एक छोटा तुकडा नुसत्या सुलट टाक्याने विणा (टाके कसे घालायचे आणि विणायचे ते खाली सांगतेय), कंटाळा येतो पण कराच, कारण प्रत्येकाचा हात वेगळा असतो. मधल्या भागात मोजपट्टी ठेवून 10 सेंटीमीटरमधे किती टाके बसतात ते मोजा. समजा 20 आले. सहा महिन्यांच्या बाळाचं डोकं साधारण 42-43 सेंटीमीटर असतं, टोपी ताणते म्हणून घेर 38 धरायचा, त्याच्या निम्मे 19 ही दुमडायच्या पट्टीची रुंदी, सेंटीमीटरला 2 टाके म्हणजे 38 टाके. तुमचे 22 आले तर 42 घाला. आकडा सम ठेवा म्हणजे झालं.

टाके घालताना पाऊण मीटर धागा मोकळा सोडून सरकगाठ मारा आणि दोन सुया एकत्र धरून त्यावर टाके घाला, मग एक सुई हळूच काढून घ्या. पहिली ओळ घट्ट असली की सुईचं टोक आत शिरत नाही, हात दुखतो आणि बरेचजण तिथेच सोडून देतात.

सुलट टाका असा: धागा मागे, उजवी सुई टाक्यात पुढून मागे घालायची, टोकाभोवती धागा खालून वर फिरवायचा, तो फासा पुढे ओढून घ्यायचा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. उलट टाक्याला धागा पुढे आणि सुई मागून पुढे, धागा वरून फिरवून फासा मागे ढकलायचा. सुरुवातीला 10 ओळी एक सुलट एक उलट करा, ही बॉर्डर. सम टाके असल्यामुळे प्रत्येक ओळ सुलटने सुरू होऊन उलटने संपते, तसं झालं नाही तर लगेच थांबा. सुलट-उलट करताना धागा पुढेमागे घ्यायचा तो दोन सुयांच्या मधून, सुईवरून घेतलात तर एक जादा टाका तयार होतो आणि तिथे भोक पडतं. मग सगळ्या ओळी नुसत्या सुलट विणत रहा, पट्टी 28-29 सेंटीमीटर झाली की परत 10 ओळी बॉर्डर. एकूण लांबी 32 सेंटीमीटरच्या आसपास.

दर दोन-चार ओळींनी टाके मोजा. 38 चे 39 झाले तर बहुतेक वेळा गडबड ओळीच्या पहिल्या टाक्यात असते, धागा सुईवरून मागे ओढला गेला की तो एक टाका दोन दिसतो आणि आपण दोन्ही विणून टाकतो. टाका गळला तर घाबरून उसवायला घेऊ नका, क्रोशाच्या सुईने त्या फाशात वरची आडवी दोरी ओढत ओढत, सुलट ओळीला पुढून आणि उलट बाजूला मागून, वर आणा. एक-दोन वेळा केलं की जमतं.

टाके बंद करताना उजव्या हातात 6 नंबरची, म्हणजे जाड, सुई घ्या, दोन टाके विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उचलून सोडायचा, मग पुढचा एकच टाका विणून परत तसंच, असं शेवटपर्यंत. बंद केलेली कड दोन्ही हातांनी ओढून बघा, बॉर्डरइतकी ताणत नसेल तर उसवून परत करा, कारण ती बाळाच्या कपाळावर येणार आहे आणि घट्ट कडेचा लाल वळ उठतो.

पट्टी मधे दुमडून दोन्ही बॉर्डर एकावर एक ठेवा आणि बोथट टोकाच्या जाड सुईने त्याच लोकरीने दोन्ही बाजू शिवा. धाग्याची टोकं वीतभर ठेवून आतल्या बाजूने टाक्यांतून फिरवा, गाठ मारून लगेच कापू नका, गाठ डोक्याला टोचते. कानांना गोंडे लावायचे तर घट्ट शिवा, बाळ सगळं तोंडात घालतं. बांधायला नाड्या मी लावतच नाही, आणि झोपवताना टोपी काढूनच ठेवायची. द्यायच्या आधी कोमट पाण्यात धुऊन पंच्यात दाबून पाणी काढा आणि सपाट पसरून वाळवा, दोरीवर टांगली की लांबते.